लोहाचं सलाईन: कोणतं, किती आणि कुठे घ्यायचं

'एचबी साडेसात आहे, आयर्न लावून घ्या' एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. मग नातेवाईक मेडिकलवाल्यासमोर उभे राहतात. एक बाटली स्वस्त, पण सात वेळा लावायची. दुसरी महाग, पण एकदा-दोनदा लावली की काम झालं. तिसरीचं नावही कधी ऐकलेलं नसतं. मी डे-केअर वॉर्डात सलाईन लावायचं काम करते आणि हा गोंधळ रोज पाहते. म्हणून हा लेख. औषध शेवटी डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं तर निवड बरीच चांगली होते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी अंगात एकूण किती लोह घालायचंय याचा हिशेब करा, मग बाटली निवडा. बहुतेक घरांत हे उलट होतं. आधी बाटलीची किंमत बघितली जाते आणि हिशेब कुणीच करत नाही.

पहिलं काम: कमी आहे ते लोहच आहे का, हे नक्की करा

एचबी कमी म्हणजे लोह कमी, असं आपण धरूनच चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. त्यातल्या खूप जणींना लोहाचीच कमतरता असते, पण सगळ्यांना नाही. कुणाचं बी-१२ कमी असतं, आणि शुद्ध शाकाहारी घरांत हे वारंवार दिसतं. कुणाला किडनीचा आजार असतो. कुणी थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक असतात, पण त्यांना ते माहीतच नसतं.

म्हणून सीबीसीबरोबर फेरिटिन करून घ्या. फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य आणि एचबी म्हणजे ताटातली भाकरी. कणगी रिकामी झाली तरी काही दिवस ताटात भाकरी दिसत राहते, त्यामुळे नुसत्या एचबीवर विसंबू नये. निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेषा १५ ची आहे. फेरिटिन त्याखाली गेलं की साठा संपला असं समजतात. दवाखान्यात बरेच डॉक्टर ३० च्या खालीच लोहाची कमतरता धरतात आणि मला ते योग्य वाटतं. मात्र एक अडचण आहे. अंगात ताप, जंतुसंसर्ग, संधिवात किंवा कुठलीही सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. लोह नसतानाही रिपोर्टवर ८०-९० दिसू शकतं. अशा वेळी सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह आहे) बघावं लागतं.

हे सॅच्युरेशन रिपोर्टवर छापलेलं नसेल तर घरीच काढता येतं. 'सीरम आयर्न' या आकड्याला 'टीआयबीसी' या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. आयर्न २८ आणि टीआयबीसी ४३० असेल तर उत्तर साडेसहा टक्के येतं. २० च्या खाली म्हणजे लोह कमी, आणि साडेसहा म्हणजे फारच कमी. तपासणीसाठी रक्त द्यायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी लोहाची गोळी घेऊ नका, नाहीतर सीरम आयर्नचा आकडा फुगलेला येतो.

सीबीसीमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) खूप कमी, पण आरबीसीची, म्हणजे तांबड्या पेशींची, संख्या भरपूर, पन्नास लाखांच्या वर, असं दिसलं तर थॅलेसेमिया वाहकाची शंका घ्यावी आणि एचपीएलसी ही तपासणी करून घ्यावी. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत हे प्रमाण जास्त आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत सिकलसेलची चाचणी टाळून पुढे जाऊच नये. या लोकांचं एचबी कमी असतं, पण लोहाचा साठा भरलेला असू शकतो. त्यांना गरज नसताना शिरेतून लोह दिलं तर ते यकृतात आणि हृदयात साचतं, आणि साचलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही.

गोळ्यांनी भागतंय का?

बहुतेकांचं भागतं, हे मी मनापासून सांगते. सलाईन लावणं हे माझं रोजचं काम असलं तरी.

गोळ्या 'सोसत नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या नीट घेतलेल्याच नसतात. सकाळच्या चहाबरोबर गोळी, लगेच कॅल्शियमची गोळी, वर ॲसिडिटीची कॅप्सूल. एवढं झाल्यावर लोह शोषलं जाणार कसं? रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू-पाण्याबरोबर, चहा-कॉफी आणि कॅल्शियम दोन तास लांब ठेवून घ्या. दिवसातून दोन-तीन गोळ्या घेण्यापेक्षा एकच, किंवा एक दिवसाआड एक घेतली तरी चालतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचे २४ तास आतड्याचं दार अर्धवट बंद होतं. त्यामुळे एक दिवसाआड घेतलेली गोळी जास्त शोषली जाते आणि पोटालाही कमी त्रास देते. मात्र गरोदर बाईने हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. शौच काळी होणं हे बहुतेकदा गोळीमुळेच असतं, त्याची काळजी नको.

तीन-चार आठवडे गोळ्या नीट घेऊन एचबी एका ग्रॅमनेही वाढलं नाही, तर मग शिरेतून लोह द्यायचा विचार सुरू होतो. काही जणांच्या बाबतीत गोळ्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नसतो. पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली असेल, आतड्याला क्रोन्ससारखा सुजेचा आजार असेल, डायलिसिस चालू असेल, हृदय कमजोर होऊन पंपिंग घटलेलं असेल, पाळीत इतकं रक्त जात असेल की गोळी भरून काढते त्यापेक्षा जास्त निघून जातं, किंवा मोठं ऑपरेशन दोन-तीन आठवड्यांवर आलेलं असेल. आणि गरोदरपणाचे शेवटचे आठवडे.

हिशेब कागदावर करा

एकूण किती लोह लागणार, याचं एक जुनं सूत्र आहे. त्याला गान्झोनीचं सूत्र म्हणतात:

वजन × (१५ − सध्याचं एचबी) × २.४ + ५००

उत्तर मिलिग्रॅममध्ये येतं. शेवटचे ५०० हे रिकाम्या साठ्यासाठी असतात. धरा, एका बाईचं वजन ५० किलो आणि एचबी ८ आहे. १५ मधून ८ गेले, उरले ७. ५० × ७ × २.४ म्हणजे ८४०. त्यात ५०० मिळवले की १३४०. म्हणजे तिला साधारण साडेतेराशे मिलिग्रॅम लोह लागणार. गरोदर असेल तर गरोदरपणाआधीचं वजन धरतात.

ज्यांना सूत्र नको त्यांच्यासाठी डॉक्टर एक सोपा तक्ता वापरतात. ३५ ते ७० किलो वजन आणि एचबी १० च्या खाली असेल तर १५००, १० च्या वर असेल तर १०००. सत्तर किलोच्या पुढे हेच आकडे २००० आणि १५०० होतात.

हा आकडा प्रिस्क्रिप्शनच्या कोपऱ्यात लिहून घ्या. खूप जण दोन-तीन बाटल्या लावतात, थोडी तरतरी आली की येणं बंद करतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येऊन थांबतात. ६०० मिलिग्रॅमने एचबी थोडं हललं, पण साठा भरलाच नाही. अर्धवट सोडलेल्या कोर्सला औषधाचं अपयश समजलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बाटल्या

या सगळ्या औषधांची रचना मुळात एकच आहे. मधे लोहाचा कण आणि भोवती साखरजातीय पदार्थाचं आवरण. आवरण सैल असेल तर लोह लवकर सुटतं, म्हणून एका वेळी थोडंच देता येतं. घट्ट असेल तर लोह सावकाश सुटतं आणि मोठा डोस एकदम देता येतो. बाकी बहुतेक फरक यातूनच निघतात.

आयर्न सुक्रोज हे आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. ५ मिलीच्या अँप्यूलमध्ये १०० मिलिग्रॅम. एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, आठवड्याला ६०० च्या आत. वरच्या उदाहरणातल्या बाईला सात खेपा. सरकारी दवाखान्यात हे मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि गरोदरपणातला त्याचा अनुभव मोठा आहे. दोष एकच, पण मोठा: खेपा. तालुक्याच्या गावी एसटीने येणारी बाई सात वेळा येते तेव्हा सात दिवसांची मजुरी, सात वेळा भाडं आणि सोबतच्या माणसाचाही खाडा होतो. शिवाय प्रत्येक खेपेला नवी शीर शोधायची, आणि रक्त कमी असलेल्या बाईच्या शिरा आधीच बारीक असतात.

फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, म्हणजे ज्याला सगळे 'एफसीएम' म्हणतात, त्याची १० मिलीची व्हायल ५०० मिलिग्रॅमची आणि २० मिलीची १००० ची असते. १००० मिलिग्रॅम १५ मिनिटांत देता येतात. सलाईनमधून देताना वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, काही देशांत ती १५ धरतात, आणि आठवड्यात १००० च्या वर नाही. म्हणजे ४० किलोच्या मुलीला सरसकट १००० लावायचे नाहीत, ८०० पर्यंतच. आमच्याकडच्या बायका किरकोळ बांध्याच्या असतात, त्यामुळे वजनकाट्यावर उभं केल्याशिवाय हा डोस ठरवू देऊ नका. वरच्या उदाहरणातल्या बाईचं काम दोन खेपांत होतं, एकदा १००० आणि आठवड्याने ५००. भारतात या औषधाच्या मूळ पेटंटची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांची एफसीएम बाजारात आली. त्यामुळे जुन्या किमतीच्या धाकाने हा पर्याय सोडू नका, दोन-तीन ठिकाणी चौकशी करा.

एफसीएमची एक बाजू मात्र पेशंटला फारशी सांगितली जात नाही. या औषधामुळे काही जणांच्या रक्तातलं फॉस्फेट घसरतं. एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक वाढतं आणि किडनी लघवीवाटे फॉस्फेट टाकू लागते. अमेरिकेतल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एफसीएम घेतलेल्या सुमारे ७५ टक्के लोकांचं फॉस्फेट २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं होतं. पुढे ज्या औषधाबद्दल सांगते, त्या फेरिक डेरिसोमाल्टोजच्या गटात हेच प्रमाण सुमारे ८ टक्के होतं. एकदा कोर्स घेतला तर बहुतेकांचं फॉस्फेट काही आठवड्यांत आपोआप वर येतं आणि काही कळतही नाही. प्रश्न येतो तो पुन्हा पुन्हा घेणाऱ्यांचा. दर सहा महिन्यांनी एफसीएम लावणारी, जास्त पाळी जाणारी बाई किंवा आतड्याच्या आजाराचा पेशंट यांची हाडं ठिसूळ होऊन दुखू लागण्याची, अगदी बारीक फ्रॅक्चर होण्याचीही उदाहरणं नोंदली गेली आहेत. फॉस्फेट कमी झाल्याची लक्षणं म्हणजे थकवा, अंगदुखी, मांड्यांत ताकद नसणं. हुबेहूब ॲनिमियासारखी. मग 'अजून अशक्तपणा आहे' म्हणून तेच औषध पुन्हा लावलं जातं. म्हणून दुसऱ्यांदा एफसीएम घ्यायची वेळ आली, किंवा एचबी वाढूनही अशक्तपणा वाढतच गेला, तर 'सीरम फॉस्फरस करू या का?' एवढा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. ही तपासणी साधी आहे.

फेरिक डेरिसोमाल्टोज, जुनं नाव आयर्न आयसोमाल्टोसाइड. किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत एकाच बैठकीत, त्यामुळे पुष्कळ जणांचं काम एका खेपेत होतं. १००० च्या आतला डोस साधारण २० मिनिटांत आणि त्यावरचा अर्ध्या तासात किंवा जरा जास्त वेळात. फॉस्फेटचा त्रास कमी. ज्यांना वर्षानुवर्षं लोह घ्यावं लागणार आहे त्यांच्यासाठी, मिळत असेल आणि परवडत असेल तर, मी हेच डॉक्टरांशी बोलून बघायला सांगते. अडचण अशी की प्रत्येक गावात मिळत नाही आणि आधी मागवून ठेवावं लागतं.

लो मॉलिक्युलर वेट आयर्न डेक्स्ट्रान जुनं आणि स्वस्त आहे. मोठा डोस देता येतो, पण आधी २५ मिलिग्रॅमचा टेस्ट डोस द्यावा लागतो आणि वेळ जास्त जातो. कमरेत टोचायची लोहाची इंजेक्शनं अजून काही छोट्या दवाखान्यांत दिली जातात. ती दुखतात, कातडीवर डाग पाडतात आणि शिरेतल्या औषधापेक्षा सुरक्षितही नाहीत. चांगला पर्याय हाताशी असताना ती घेऊ नका.

कुणाला काय सोयीचं

गरोदर बाई. पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत, चौथ्या महिन्यापासून देतात. 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८ पासूनच्या कार्यक्रमात एचबी ७ ते १०.९ असेल तर रोज दोन लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, ५ ते ६.९ असेल तर शिरेतून आयर्न सुक्रोज किंवा एफसीएम, आणि ५ च्या खाली तातडीने भरती करून रक्त, अशी मांडणी आहे. ॲनिमिया उशिरा लक्षात आला किंवा गोळ्या घेतल्या जाणार नाहीत असं दिसलं, तर सातच्या वरही शिरेतून देण्याची मुभा त्यात आहे. दिवस किती उरलेत हा इथला खरा प्रश्न. बत्तिसाव्या आठवड्यात एचबी ७.५ असलेल्या बाईला सात खेपांचं वेळापत्रक देण्यापेक्षा दोन खेपांचं देणं मला कधीही बरं वाटतं, कारण लोह अंगात गेल्यावर रक्त बनायला पुढे तीन-चार आठवडे लागतातच. आशाताईंना विचारा. जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात सध्या काय उपलब्ध आहे हे बहुतेकदा त्यांना माहीत असतं.

डायलिसिसचे पेशंट. त्यांच्यासाठी आयर्न सुक्रोज उत्तम. आठवड्यातून दोन-तीनदा ते मशीनला लागतातच, त्याच नळीतून औषध जातं, वेगळी खेप नाही आणि वेगळी सुई नाही. पण किडनीचा आजार आहे आणि डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, अशांचा विचार वेगळा. त्यांना कमी खेपांचं औषध द्यावं, कारण पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हाताची शीर धमनीला जोडणं) करायला हाताच्या शिरा लागणार आहेत. 'सिस्टर, कोपराखालची शीर सोडा, पंजाच्या मागची घ्या' असं त्यांनी बेलाशक सांगावं. मला असं सांगणारे पेशंट आवडतात.

हृदय कमजोर असलेले. यांना गोळ्यांचा उपयोग होत नाही असं अभ्यासांत दिसलं आहे. शिरेतल्या औषधांत एफसीएमवर सगळ्यात जास्त काम झालेलं आहे आणि डेरिसोमाल्टोजवरही मोठी चाचणी झाली आहे. यांची फेरिटिनची रेषा वेगळी असते, १०० च्या खाली किंवा १०० ते २९९ मध्ये असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या आत. त्यामुळे 'फेरिटिन ८५, नॉर्मल आहे' असं लॅबच्या छापील रेंजवरून स्वतःच ठरवू नका.

आणि 'त्यापेक्षा सरळ रक्ताची बाटलीच चढवा' म्हणणारे नातेवाईक. रक्ताच्या एका पिशवीने एचबी साधारण एका ग्रॅमने वाढतं आणि तिच्यातून जेमतेम २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळतं. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, रक्तस्राव चालू असेल तर रक्तच लागतं, तिथे वाद नाही. पण चालत-बोलत आलेल्या पेशंटला केवळ लवकर आकडा वाढावा म्हणून दुसऱ्याचं रक्त चढवणं टाळावं. विशेषतः तरुण मुलींना, कारण त्यातून तयार होणारी प्रतिपिंडं पुढच्या बाळंतपणात आडवी येऊ शकतात.

कुठे घ्यायचं

ॲलर्जीची गंभीर रिॲक्शन फार विरळ आहे, पण झाली तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून जिथे डॉक्टर हजर आहेत, अशा रिॲक्शनवरचं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन ट्रेमध्ये आहे, ऑक्सिजन आहे, तिथेच लावायचं. घरी सिस्टर बोलावून लोहाचं सलाईन लावून घेणं मला मान्य नाही, मग ती सिस्टर कितीही अनुभवी असो. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असेल तर त्या दिवशी थांबा आणि बरं वाटल्यावर या. दमा, एक्झिमा, औषधांची ॲलर्जी, आधी लोहाच्या सलाईनने झालेला त्रास, सगळं आधी सांगा.

टेस्ट डोसबद्दल नेहमी विचारतात. आयर्न सुक्रोज, एफसीएम आणि डेरिसोमाल्टोज यांना तो लागत नाही. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं, की टेस्ट डोस निर्धोक गेला म्हणून पुढचं निर्धोक जाईल असं नसतं. त्यापेक्षा प्रत्येक वेळी सलाईन संपल्यावर ३० मिनिटं पेशंटला नजरेसमोर ठेवा, असं त्यांनी सांगितलं. ती ३० मिनिटं बसाच. 'एसटी चुकेल' म्हणून उठू नका.

सलाईन लागताना

नाश्ता करून या, पाणी पिऊन या. सैल बाह्यांचे कपडे घाला. आयर्न सुक्रोज असो की एफसीएम, ते साध्या एनएसमध्येच (मिठाच्या सलाईनमध्ये) मिसळतात, ग्लुकोज किंवा डीएनएसमध्ये (ग्लुकोज आणि मीठ दोन्ही असलेल्या सलाईनमध्ये) नाही. एफसीएमचे ५०० ते १००० मिलिग्रॅम २५० मिलीपेक्षा जास्त सलाईनमध्ये घालत नाहीत, कारण फार पातळ केलं तर औषध अस्थिर होतं. 'मोठ्या बाटलीत टाका, सावकाश जाऊ द्या' ही काळजी इथे उलटी पडते.

सगळ्यात जास्त लक्ष सुईच्या जागेवर द्या. हे औषध गडद तपकिरी असतं आणि शिरेबाहेर गेलं की कातडीखाली चहाच्या रंगाचा डाग पडतो. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं जात नाही, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. मी आधी नुसतं एनएस सोडते, जागा फुगते का बघते, दुखतं का विचारते आणि मगच लोह जोडते. संपल्यावर पुन्हा थोडं एनएस सोडून नळी धुते, म्हणजे सुई काढताना थेंब मागे राहत नाही. मनगटाच्या किंवा कोपराच्या वाकणात सुई असेल तर हात हलला की ती सरकते. कोपर आणि मनगट यांच्यामधली सरळ शीर बरी, किडनीचे पेशंट सोडून. जळजळलं, ताण जाणवला, जागा फुगली तर त्याच क्षणी हाक मारा. संकोचाने गप्प बसलेल्या बायकांच्या हातावरच हे डाग मी जास्त पाहिलेत.

सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत कुणाकुणाचा चेहरा लाल होतो, छातीत आवळल्यासारखं वाटतं, कंबर दुखते. बीपी चांगलं असतं, अंगावर गांधी नसतात, श्वास ठीक असतो. ही खरी ॲलर्जी नाही. सलाईन थांबवलं की थोड्या वेळात आपोआप ओसरतं, आणि डॉक्टरांनी तपासल्यावर सावकाश पुन्हा सुरू करता येतं. अशा वेळी लगेच ॲव्हिलचं इंजेक्शन द्यायची घाई होते. त्याने गुंगी येते, बीपी उतरू शकतं, आणि साध्या त्रासाचं रूप गंभीर दिसू लागतं. ओठ-जीभ सुजणं, घशात घरघर, अंगभर गांधी, बीपी कोसळणं ही मात्र खरी ॲलर्जी, आणि तिला ॲड्रिनलिनच लागतं.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस कणकण, सांधेदुखी, डोकेदुखी होऊ शकते. पॅरासिटामॉल पुरतं. दोन दिवसांनंतरही ताप राहिला तर फोन करा.

नंतरचे आठवडे

कोर्स चालू असताना लोहाच्या गोळ्या बंद ठेवा. शेवटच्या सलाईननंतर किमान पाच दिवस जाऊ द्या आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच पुन्हा सुरू करा. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ सांगितलेलं असेल तर ते चालू ठेवायचं, कारण नवीन रक्त बनताना तेही खर्च होतं.

एचबी चार आठवड्यांनी तपासा. एक ते दोन ग्रॅम वाढ दिसायला हवी. फेरिटिनची मात्र घाई करू नका. सलाईननंतरचे काही आठवडे ते ५००-६०० च्या पुढेही दिसतं आणि लोक घाबरतात. आठ ते बारा आठवड्यांनी केलेलं फेरिटिनच खरं चित्र दाखवतं.

एचबी वाढलं नाही किंवा चार महिन्यांत पुन्हा घसरलं, तर पुढची बाटली लावण्याआधी रक्त जातंय कुठे ते शोधा. पाळी जास्त जात असेल तर गर्भाशयाची सोनोग्राफी. मूळव्याध असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. शेतात अनवाणी काम असेल तर हुकवर्मसाठी जंताची गोळी. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या बायकांमध्ये लोह कमी झालं, तर पोट आणि आतड्याची दुर्बिणीने तपासणी टाळू नये. तिथे अल्सर किंवा आतड्याचा कॅन्सर गुपचूप रक्त घालवत असू शकतो, आणि लोह देत राहिल्याने एचबी वाढून तो आणखी काही महिने झाकला जातो.

डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, एकूण मिलिग्रॅम, तारीख आणि व्हायलवरचा बॅच नंबर लिहून घ्या, किंवा रिकाम्या व्हायलच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर 'लाल रंगाचं सलाईन लावलं होतं' एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.